गांधील माशी

गांधील माशी : हायमेनॉप्टेरा गणातील व्हेस्पिडी कुलाच्या, समूहाने राहणाऱ्या व नांगीने दंश करणाऱ्या कीटकांचे सामान्य मराठी नाव. नावात माशी असली, तरी घरमाशीशी हिचे जवळचे नाते नाही. घरमाशीला पंखांची एकच जोडी असते, तर गांधील माशीला दोन जोड्या असतात. मुंग्या व मधमाश्या या तिच्या खऱ्या आप्त होत. दंशानंतर अंगावर उठणाऱ्या लालसर फुगवट्यांना मराठीत गांधी म्हणतात; या शब्दाचे माशीच्या नावाशी असलेले साम्य सहज लक्षात येते. व्हेस्पिडी कुलात जगभर सु. ५,००० जाती असून त्यांपैकी बहुसंख्य एकएकट्या राहणाऱ्या आहेत व त्या माणसाच्या वाटेस जात नाहीत. घराच्या वळचणीला, खिडकीच्या चौकटीत किंवा अंगणातील झाडावर पोळे करणाऱ्या थोड्या जातींमुळे साऱ्या कुलाचा दरारा निर्माण झाला आहे.

हा दरारा पूर्णपणे निराधार नाही, पण तो बहुधा चुकीच्या जागी असतो. फुलावर, पाण्याच्या माठावर किंवा उसाच्या रसाच्या पेल्यावर आलेली एकटी माशी दाबली किंवा पकडली गेल्याखेरीज क्वचितच दंश करते. तीच माशी पोळ्याजवळ असताना मात्र किंचित हादऱ्यानेही धावून येते. नांगी हे तिचे पोळ्यातील अंड्यांच्या व अळ्यांच्या रक्षणाचे साधन आहे. त्यामुळे माशी किती मोठी आहे यापेक्षा पोळे कोठे आहे व त्यात किती अळ्या वाढत आहेत, यावर धोक्याचे प्रमाण अवलंबून असते. पोळ्याची ही अवस्था ऋतूनुसार बदलते.

घराभोवती आढळणारे प्रकार : महाराष्ट्रात तीन प्रकारांच्या समूहवासी गांधील माश्या घरांच्या आसपास नेहमी दिसतात. व्हेस्पा ट्रॉपिका (जुन्या ग्रंथांतील नाव व्हेस्पा सिंक्टा) ही सर्वांत मोठी होय. तिचे शरीर काळपट असून उदराच्या पुढील भागावर रुंद पिवळा पट्टा असतो, राणी सु. ३ सेंमी. लांब असते. झाडाची ढोली, भिंतीतील पोकळी, जमिनीतील बीळ किंवा छताखालील आडोसा अशा ठिकाणी ती पोळे करते आणि त्याभोवती कागदी आवरण बांधते. तिचा दंश फार वेदनादायक असतो.

पोलिस्टीस ऑलिव्हेसियस ही पिवळी, सडपातळ गांधील माशी खेड्यांत व शहरांत सारखीच परिचित आहे. उडताना तिचे लांब पाय खाली लोंबतात, त्यावरून ती दुरूनही ओळखता येते. तिच्या पोळ्याला आवरण नसते. उलट्या धरलेल्या छत्रीसारखे ते एका बारीक देठावर सज्ज्याखाली लोंबत असते व त्यातील षट्कोनी खण खालून स्पष्ट दिसतात. रोपॅलिडिया मार्जिनेटा ही याहून लहान व तांबूस तपकिरी माशी खिडकीची चौकट, मीटरची पेटी, पोकळ नळी यांसारख्या अरुंद तोंडाच्या जागा पसंत करते. तिचेही पोळे उघडेच असते. तिच्या वस्तीत बहुधा काही डझन माश्या असतात, पण जागा नजरेआड असल्यामुळे हात नकळत पोळ्यापर्यंत पोहोचतो आणि दंश होतो.

यांखेरीज मातीची घरटी करणारी कुंभारीण माशी घराघरांतून आढळते. हे नाव दोन वेगळ्या गटांतील माश्यांना लावले जाते. त्यांपैकी डेल्टा प्रजाती व्हेस्पिडी कुलातील असून ती मडक्याच्या आकाराची घरटी करते व त्यांत पतंगांच्या अळ्या भरते. स्केलिफ्रॉन प्रजाती स्फेसिडी या निराळ्या कुलातील असून ती कोळी भरते. भक्ष्य नांगीने लुळे केलेले, पण जिवंत असते. माशीच्या अंड्यातून निघालेली अळी ते ताजे अन्न म्हणून खाते व कालांतराने त्याच घरट्यातून नवी माशी बाहेर पडते. घरट्यात अळी नेताना दिसते आणि बाहेर पडते ती माशी, यावरून माशी आपल्या गुणगुणण्याने अळीचे स्वतःसारखे रूपांतर करते, असा प्राचीन समज निर्माण झाला. भृंग-कीटक न्याय या नावाने तो संस्कृत व मराठी संतवाङ्‌मयात गुरुशिष्यांच्या किंवा देवभक्तांच्या एकरूपतेचा दृष्टांत म्हणून आला आहे. दृष्टांत म्हणून तो सुंदर आहे. मात्र घडते ते नेमके उलट. कुंभारीण माशी घरट्याच्या रक्षणासाठी हल्ला करीत नाही, त्यामुळे ती काढून टाकण्याचे सहसा कारण नसते.

किल्ल्यांवर व लेण्यांमध्ये पर्यटकांवर होणारे सामूहिक हल्ले पुष्कळदा गांधील माश्यांच्या नावावर घातले जातात. ते बहुधा आग्या मधमाश्यांचे असतात. कड्यावर किंवा उंच झाडावर लोंबणारे, माश्यांच्या थराने झाकलेले मोठे एकेरी पोळे आग्या मोहोळाचे होय [⟶ मधमाशी].

पोळे व समूहजीवन : पोळे कागदाचे असते. माशी वाळलेले लाकूड, कुंपणाचे खांब, जुनी दारे यांवरून जबड्याने तंतू खरवडते, लाळेत कालवते आणि त्या लगद्याचे पातळ थर देते. लाकडापासून कागद करता येईल, असे फ्रेंच निसर्गवैज्ञानिक रेओम्यूर यांनी १७१९ साली सुचविले, ते गांधील माशीचे हे काम पाहूनच. त्या काळी यूरोपात कागद चिंध्यांपासून होत असे. उघड्या पोळ्याच्या देठाला माशी आपल्या शरीरातील स्राव चोपडते. त्याच्या वासाने मुंग्या दूर राहतात. मुंगी ही अळ्यांची मोठी शत्रू असल्यामुळे पोळे एका बारीक देठावर टांगलेले असणे हीच त्याची तटबंदी होय.

निषेचित अंड्यांपासून माद्या व अनिषेचित अंड्यांपासून नर जन्मतात. नराला नांगी नसते, कारण नांगी हा अंडी घालण्याच्या इंद्रियाचाच बदललेला प्रकार आहे. प्रौढ माशी मुख्यतः मध, फळांचा रस व इतर गोड द्रवांवर जगते. अळ्यांना मात्र चावून मऊ केलेल्या कीटकांचे मांस लागते. त्या बदल्यात अळ्या शर्करा व ॲमिनो अम्ले असलेली लाळ स्रवतात आणि प्रौढ माश्या ती चाटतात. अन्नाची ही देवाणघेवाण लक्षात घेतली, म्हणजे माश्या कोणत्या महिन्यात शेवग्यावरील अळ्या टिपतात आणि कोणत्या महिन्यात हलवायाच्या दुकानात गर्दी करतात, याचा उलगडा होतो.

रोपॅलिडिया मार्जिनेटाचा सखोल अभ्यास बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला असून त्यावरील त्यांचा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला. या जातीची राणी दिसण्यात कामकरी माश्यांहून वेगळी नसते व वागण्यात विलक्षण शांत असते. तिला पोळ्यावरून काढले, तर काही वेळातच कामकऱ्यांपैकी एक माशी अतिशय आक्रमक होते आणि थोड्या दिवसांत अंडी घालून तीच राणी बनते. राणी झाल्यावर तीही शांत होते. प्रौढ मादीचे सरासरी आयुष्य सु. एक महिन्याचे असते. अंड्यापासून प्रौढ माशी होण्यास याहून अधिक काळ लागत असल्यामुळे एकट्या मादीने सुरू केलेले पोळे सिद्धीस जाण्याची शक्यता कमी असते. अनेकींनी मिळून राहण्याचा हा एक मोठा लाभ होय.

या लहान माश्यांचा प्रमुख वैरी व्हेस्पा ट्रॉपिका हाच आहे. ती पोळ्यावर उतरली, की रोपॅलिडिया माश्या फारसा प्रतिकार न करता उडून जातात आणि आक्रमक माशी अळ्या व कोश एकेक करून ओढून नेते. अशा रीतीने बेघर झालेला समूह जवळपासच्या आडोशाला नवे पोळे मांडतो. काल मोकळी असलेली खिडकी आज माश्यांनी भरलेली दिसते, त्याचे एक कारण हे असू शकते.

ऋतुमानानुसार हालचाल : समशीतोष्ण प्रदेशात पोळ्याचे आयुष्य जेमतेम एका वर्षाचे असते. शरद ऋतूत जन्मलेल्या निषेचित राण्या तेवढ्या हिवाळाभर निद्रितावस्थेत राहतात. वसंतात प्रत्येक राणी एकटीने पोळे सुरू करते व उन्हाळ्याच्या अखेरीस त्यात काही हजार माश्या होतात. नंतर राणीचे अंडी घालणे थांबते. अळ्या कमी झाल्यामुळे त्यांची गोड लाळ मिळेनाशी होते आणि रिकामटेकड्या कामकरी माश्या जाम, पेये व पिकून पडलेली फळे यांकडे वळतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये यूरोपातील लोकांना त्यांचा जो उपद्रव होतो, तो या कारणाने. थंडी पडताच सारी वस्ती मरते. ही अखेर थंडीमुळेच होते, याचा पुरावा न्यूझीलंडमध्ये मिळतो. यूरोपातील जर्मन गांधील माशी तेथे १९४५ मध्ये प्रथम आढळली. तेथील सौम्य हिवाळ्यात तिची काही पोळी मरत नाहीत व दुसऱ्या वर्षी ती अवाढव्य होतात.

उत्तर भारतात हिवाळा बराच कडक असल्याने असेच काहीसे वार्षिक चक्र दिसते. पंजाब व लगतच्या प्रदेशांतील पोलिस्टीस वॅटी या पिवळ्या जातीच्या माद्या थंडीत घरांच्या फटींमध्ये पुंजक्यांनी दडून बसतात आणि ऊन तापू लागल्यावर नवी पोळी सुरू करतात.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत थंडी माश्यांना मारण्याइतकी तीव्र नसते. रोपॅलिडिया मार्जिनेटाची नवी पोळी वर्षाच्या कोणत्याही महिन्यात सुरू होऊ शकतात आणि एकेक पोळे राण्या बदलत जाऊन दीर्घकाळ टिकू शकते. म्हणून हिवाळा आला की माश्या आपोआप जातील, ही पाश्चात्त्य पुस्तकांतून आलेली अपेक्षा येथे धरता येत नाही. तरीही ऋतूंचा प्रभाव स्पष्ट असतो. चैत्र-वैशाखातील उन्हाळ्यात माश्या पाण्यासाठी माठ, मोरी, नळ व वातशीतक यांच्याभोवती घिरट्या घालतात. आणलेले पाण्याचे थेंब पोळ्यावर ठेवून व पंखांनी वारा घालून त्या पोळे थंड राखतात. याच दिवसांत रसवंतीगृहे व फळांच्या गाड्या यांवर त्यांची गर्दी असते. या भेटी पोळ्यापासून दूर होत असल्याने दंशाचे प्रमाण त्या मानाने थोडे असते.

पाऊस सुरू झाला, की झाडाझुडपांवर अळ्यांची रेलचेल होते व पोळी झपाट्याने वाढतात. वाढलेले गवत, वेली व न उघडलेल्या खिडक्या यांमुळे ती दृष्टीस पडत नाहीत. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंतचा काळ सर्वांत जोखमीचा असतो, कारण मोठी झालेली पोळी आणि माणसांची धांदल या दोन्ही गोष्टी तेव्हा एकत्र येतात. शेतात कापणी व गवतकापणी चालू असते. घरात दसरा-दिवाळीची साफसफाई निघते. माळ्यावरचे सामान, सज्ज्यावरच्या कुंड्या, वर्षभर न हलवलेले लाकूडफाटे, आकाशकंदील टांगण्याचा आकडा अशा ठिकाणी हात घालताच पोळे सापडते. व्हेस्पा प्रजातीच्या बाबतीत शरद ऋतूचा धोका किती गंभीर असू शकतो, हे चीनच्या शान्‌शी प्रांतात २०१३ साली दिसून आले. तेथे त्या उन्हाळ्यात व शरद ऋतूत दंशांमुळे ४० हून अधिक माणसे मरण पावली आणि दीड हजारांहून अधिक जखमी झाली.

नांगी व विष : माशी चावली असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी दंश जबड्याने नव्हे, तर उदराच्या टोकाशी असलेल्या नांगीने होतो. मधमाशीच्या नांगीवरील आकडे मोठे असल्याने ती त्वचेत अडकून तुटते व मधमाशी मरते. गांधील माशीच्या नांगीवरील आकडे बारीक असतात. ती नांगी परत ओढून घेते आणि पुन्हा पुन्हा दंश करू शकते. विषात हिस्टामीन, सेरोटोनीन यांसारखी वेदना व सूज आणणारी द्रव्ये, किनीन गटातील पेप्टाइडे आणि फॉस्फोलायपेज व हायलुरॉनिडेज ही एंझाइमे असतात. यांपैकी प्रथिन स्वरूपाच्या घटकांमुळे काही व्यक्तींमध्ये ॲलर्जी उत्पन्न होते. अनेक जातींच्या विषात इशारा देणारे गंधद्रव्यही असते. पोळ्याजवळ एक माशी चिरडली किंवा तिने एक दंश केला, की त्या वासाने इतर माश्या त्याच जागी चालून येतात.

दंश टाळणे : पोळे लहान असतानाच सापडणे यासारखा दुसरा उपाय नाही. आरंभी पोळ्यात पाच-दहा खण व एक-दोन माद्या असतात आणि त्या फारसा प्रतिकार करीत नाहीत. उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसापूर्वीच्या घरदुरुस्तीबरोबर, वळचण, सज्जे, खिडक्यांच्या बाहेरील बाजू, मीटरच्या पेट्या, वातानुकूलन यंत्राचे बाहेरील खोके व गच्चीवरील टाक्यांच्या खालची जागा दुरून पाहून घ्यावी. असे नवे पोळे माद्या बाहेर गेलेल्या असताना लांब काठीने पाडता येते. देठाचा अवशेष खरवडून काढावा, कारण माश्या पुष्कळदा त्याच जागी पुन्हा बांधतात. पोळे नसलेल्या फटी लिंपून घ्याव्यात व झरोक्यांना बारीक जाळी बसवावी. वाहती भोके मात्र बुजवू नयेत. भिंतीच्या पोकळीत वस्ती असताना तोंड बंद केले, तर कोंडलेल्या माश्या दुसरी वाट शोधतात आणि ती वाट बहुधा घराच्या आत निघते.

वाढलेल्या पोळ्याबाबत पहिला प्रश्न ते काढलेच पाहिजे का, हा असावा. उंच झाडावरील किंवा रहदारीपासून दूर असलेले पोळे तसेच राहू देणे शहाणपणाचे असते. एका वस्तीतील माश्या परसातील भाज्यांवरील पुष्कळ अळ्या फस्त करतात. दार, जिना, पाळणाघर, शाळेची खिडकी यांजवळचे पोळे मात्र काढावे लागते. हे काम कीटकनियंत्रणाचा अनुभव असलेल्या माणसाकडून, अंधार पडल्यावर, सर्वांग झाकणारे कपडे व चेहऱ्यावर जाळी घालून करवून घ्यावे. रात्री सर्व माश्या पोळ्यात असतात व त्यांना नीट उडता येत नाही. व्हेस्पा ट्रॉपिकाच्या पोळ्याला घरच्या माणसांनी हात लावू नये. रॉकेलचा पलिता पेटवून पोळे जाळण्याची पद्धत अद्याप प्रचारात आहे. तीमुळे घराला आग लागण्याचा धोका असतो, शिवाय जळत्या पोळ्यातून सुटलेल्या माश्या जवळच्या माणसावर तुटून पडतात. शिडीवर उभे राहून फवारणी करणे त्याहून वाईट, कारण दचकून पडल्याने होणारी इजा दंशापेक्षा गंभीर ठरते. धुराने मधमाश्या मध पिऊन शांत होतात, तसा भरवशाचा परिणाम गांधील माश्यांवर होत नाही. दगड मारून पोळे पाडणे हा मुलांचा खेळ अनेकदा त्या वाटेने नंतर येणाऱ्या अजाण माणसाला भोवतो.

एकटी माशी अंगाभोवती फिरू लागल्यास हातवारे न करता सावकाश बाजूला व्हावे. अंगावर बसली, तर चापट न मारता फुंकर न घालता उडून जाण्याची वाट पाहावी. पोळे हलल्यामुळे अनेक माश्या एकदम आल्या, तर हा नियम उलटा होतो. तेव्हा थांबणे घातक असते. चेहरा व मान कापडाने झाकून वेगाने दूर पळावे आणि दार बंद होईल अशा खोलीत किंवा वाहनात शिरावे. गवत कापण्यापूर्वी लांब काठीने ते हलवून जरा थांबावे. बाहेर वाळत घातलेले कपडे, विशेषतः लहान मुलांचे, झटकून घ्यावेत. उघड्यावर ठेवलेल्या गोड पेयाच्या बाटलीत किंवा रसाच्या पेल्यात माशी शिरलेली असू शकते. घशात झालेला एकच दंश सुजेमुळे श्वासमार्ग बंद करू शकतो.

उपचार : बहुसंख्य लोकांत दंशाच्या जागी तीव्र आग, लाली व सूज एवढेच होते आणि ते काही तासांत किंवा एकदोन दिवसांत ओसरते. जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची किंवा फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाची घडी ठेवावी. हाताला दंश झाल्यास अंगठ्या व बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. त्वचेत नांगी अडकलेली आढळली, तर दंश बहुधा मधमाशीचा असतो. ती विलंब न लावता काढावी. लोखंड घासणे, चुना किंवा कांदा लावणे हे उपाय घरोघरी केले जातात. लोखंडाच्या थंड स्पर्शाने क्षणभर बरे वाटत असेल, परंतु विष त्वचेच्या आत गेलेले असल्याने वरून लावलेल्या पदार्थाने ते निष्प्रभ होत नाही. चुन्याने कोवळी त्वचा भाजते, हे वेगळेच.

दोन परिस्थितींत जिवाला धोका असतो. पहिली म्हणजे ॲनाफिलॅक्सिस ही सर्वांगीण ॲलर्जी. ही संज्ञा पॉल पॉर्त्ये व शार्ल रीशे या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकांनी १९०२ मध्ये प्रचारात आणली व त्यावरील कार्यासाठी रीशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यात दंशाच्या जागेपासून दूर अंगभर गांधी उठतात, ओठ व जीभ सुजते, श्वास लागतो, उलटी होते, चक्कर येऊन रक्तदाब उतरतो. एक दंशही यास पुरतो. ब्रिटनमधील मृत्यूंच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दंशापासून हृदय किंवा श्वसन बंद पडेपर्यंत गेलेल्या वेळाचा मध्यक सु. १५ मिनिटे आढळला. म्हणून अशी लक्षणे दिसताच घरगुती उपाय करीत न बसता रुग्णाला जवळच्या दवाखान्यात न्यावे. मांडीच्या बाहेरील स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिनाचे अंतःक्षेपण हाच यावरील पहिला उपचार होय. हिस्टामीनरोधी गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. तोपर्यंत रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावेत, धाप लागली असल्यास टेकून बसू द्यावे, आणि एकदम उभे करू नये.

दुसरी परिस्थिती अनेक दंशांची. ॲलर्जी नसलेल्या माणसालाही व्हेस्पा प्रजातीचे काही डझन दंश झाले, तर विषाने स्नायू व तांबड्या रक्तकोशिका फुटून त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांत साचतात व ती निकामी होऊ शकतात. हा परिणाम लगेच दिसत नाही. दंशानंतर एक-दोन दिवसांत लघवी कमी होणे किंवा तिचा रंग चहासारखा काळपट होणे ही त्याची खूण आहे. वेदना थांबल्यामुळे घरी परतलेल्या रुग्णात तिच्याकडे दुर्लक्ष होते. वेळीच उपचार झाल्यास मूत्रपिंडे बहुधा पूर्ववत होतात. लहान मुलांत शरीराचे वजन कमी असल्याने थोड्या दंशांनीही ही अवस्था येऊ शकते.

ज्यांना एकदा सर्वांगीण ॲलर्जी झाली आहे, त्यांना पुढील दंशाच्या वेळी ती पुन्हा होण्याचा संभव असतो. अशांसाठी शुद्ध विषाच्या वाढत्या मात्रा टोचून सहनशक्ती निर्माण करण्याची पद्धत आहे. पूर्वी यासाठी संपूर्ण कीटकाचा अर्क वापरीत. तो निरुपयोगी असून शुद्ध विष प्रभावी असल्याचे अमेरिकेत १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीने सिद्ध केले. हा उपचार सामान्यतः ३ ते ५ वर्षे चालतो [⟶ ॲलर्जी].